ताट स्वतः घेऊन जा

डिसेंबर उजाडला की गोव्यात एक तक्रार हमखास ऐकू येते : नाताळ आता पूर्वीसारखा राहिला नाही, कोन्सुआदसुद्धा विकतची झाली. कोन्सुआद म्हणजे नाताळात शेजारीपाजारी पाठवायचं गोडाचं ताट. त्यात नेवऱ्या, दोदोल, कुलकुल, बेबिंका.

मला ही तक्रार अर्धीच पटते. नारळाचा रस, तांदळाचं पीठ आणि काळा गूळ एकत्र शिजवून दोदोल घोटायला तासन्‌तास जातात. आमच्या घरी घोटणारे हात नेहमी आईचेच. ती नोकरीही करते. परंपरेचं कौतुक करणारे आम्ही चव बघायला तेवढे हजर! मग तिनं बेकरीतून आणलं तर बिघडलं कुठं?

पण हल्ली ताट पोचवायचं कामही आपण डिलिव्हरीवाल्यावर सोपवतो, ते मात्र मला खटकतं.

दोन वर्षांपूर्वी शापाय, म्हणजे माझे आजोबा, गेले. दुखवट्याच्या घरात गोड करत नाहीत. त्या नाताळात शेजारच्या काकू नेवऱ्या घेऊन आल्या, दरवर्षी चतुर्थीला आणतात तशाच. शामायजवळ तासभर बसल्या. शापायच्या गोष्टी निघाल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा शामाय मोकळेपणी रडली. त्या नेवऱ्या घरच्या होत्या की विकतच्या, मला आठवतसुद्धा नाही.

म्हणून यंदा दोदोल मी आणि माझा भाऊ घोटणार. नाही जमलं तर विकत आणू. ताट मात्र स्वतःच नेणार. तुम्हीही न्या, आणि दारातून परत फिरू नका, जरा बसा.