रॉकेट आहे, कायदा कुठे आहे?

"मामू, इस्रोत नाही तर एखाद्या खासगी रॉकेट कंपनीत मला काम लागेल का?" भाच्याने परवा विचारले. आयटीआय करून तो सीएनसी मशीनवर काम करतो. हो म्हणायला जीभ वळली होती, पण थांबलो.

माणसे आणि कारखाने आपल्याकडे आहेत, याबद्दल मला शंका नाही. विकास इंजिन विक्रोळीत गोदरेजकडे बनते, आणि इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरने पीएसएलव्हीच्या मोटरची आवरणे बनवली आहेत. स्कायरूटचे विक्रम-एस नोव्हेंबर 2022 मध्ये उडाले, अग्निकुलचे रॉकेट मे 2024 मध्ये. दोन्ही उड्डाणे चाचणीची होती, कक्षेत जाणारी नव्हती. बातम्यांच्या गदारोळात हे कुणी सांगत नाही. वनवेबचे 72 उपग्रह आपण दोन खेपांत सोडले, ही मात्र खरी कमाई.

पण धंदा संख्येवर चालतो. 2024 मध्ये इस्रोची पाच उड्डाणे झाली, एकट्या स्पेसएक्सची सव्वाशेहून जास्त. त्याच नोव्हेंबरात आपला 4700 किलोचा जीसॅट-एन2 फाल्कन-9 वरूनच गेला, कारण एवढे वजन त्या कक्षेत नेणारे रॉकेट तेव्हा आपल्याकडे नव्हते. वर्षात पाचच उड्डाणे असतील तर सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या वर्कशॉपवाल्याने महागडी मशीन कशाच्या भरवशावर घ्यायची? बँकेचा हप्ता उड्डाणाची वाट पाहत नाही.

मला खरी काळजी कायद्याची आहे. 2020 मध्ये क्षेत्र खुले करायचे ठरले, इन-स्पेस आली, 2023 चे धोरण आले, 2024 मध्ये परकीय गुंतवणुकीची दारे उघडली. अंतराळ विधेयकाचा मसुदा मात्र 2017 पासूनचा आहे आणि कायदा अजून झालेला नाही. 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार खासगी कंपनीच्या रॉकेटमुळे दुसऱ्या देशाचे नुकसान झाले तर भरपाई भारत सरकारने द्यायची. सरकार ती कंपनीकडून किती वसूल करणार, विमा किती रकमेचा, हे संसदेच्या कायद्यात लिहिलेले असायला हवे. परवानगी देणारी इन-स्पेस आणि खासगी कंपन्यांशी स्पर्धा करू शकणारी सरकारी एनसिल, दोन्ही एकाच अंतराळ विभागाखाली. सासूच पंच असल्यावर सुनेने दाद कुणाकडे मागायची?

अँट्रिक्स-देवास प्रकरण आपण विसरलो असू, गुंतवणूकदार विसरलेले नाहीत. 2005 चा करार 2011 मध्ये सरकारने रद्द केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये देवासच्या व्यवहारात फसवणूक झाल्याचे मान्य केले, हेही खरे. पण तोवर परदेशी लवादांत भारताविरुद्ध निवाडे लागून गेले होते.

अमेरिकेचे कौतुक करताना आपण फक्त मस्कचे धाडस पाहतो. फाल्कन-1 ची पहिली तीन उड्डाणे फसली, चौथे सप्टेंबर 2008 मध्ये जमले आणि त्याच डिसेंबरात नासाने 1.6 अब्ज डॉलरचे मालवाहतुकीचे कंत्राट दिले. सरकार आधी गिऱ्हाईक झाले. आपल्याकडे सरकार अनुदान देते, चाचणीला जागा देते, भाषणे तर भरपूर देते. पाच-सात वर्षांची पक्की ऑर्डर द्यायला हात आखडतो. आणि एखादे खासगी उड्डाण फसले की 'जनतेचा पैसा' म्हणून ओरड करणाऱ्यांत आपणच पुढे असू.

भाच्याला शेवटी सांगितले, अर्ज जरूर कर. पण सध्याची नोकरी सोडण्याआधी त्या कंपनीकडे पुढच्या तीन वर्षांच्या ऑर्डरी किती आहेत, ते मुलाखतीत विचार. तो म्हणाला, "मामू, असं विचारलं तर घेतील का मला?"