दरडीवरचा पेपर कुलपात आणि आपण डोंगराखाली



आवणी उरकली. खताचं आणि करप्याचं पुढच्या पोस्टमध्ये लिहितो, इनबॉक्समध्ये विचारणाऱ्यांनी दोन दिवस धीर धरा. आज दरडीबद्दल लिहायचंय. म्हणजे खरं तर दरडींवर जे संशोधन छापून येतं त्याबद्दल. ते कुणाला वाचायला मिळतं आणि कुणाला नाही, हा आपल्या मुळशीकरांच्या जिवाशी असलेला विषय आहे असं माझं मत आहे. पटलं नाही तर खाली लिहा, पण आधी पूर्ण वाचा.

२५ जुलै २०२४ आठवतोय ना? त्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ताम्हिणीला ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. शिवाजीनगरला त्याच वेळेत ११४. पुण्यात एकतानगरीत पाणी शिरलं म्हणून सगळे कॅमेरे तिकडे होते. ते बरोबरच, माणसांच्या घरात पाणी होतं. पण ५५६ म्हणजे किती याचा आपल्या भाषेत हिशोब करून बघा. एका गुंठ्यावर छप्पन्न हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर गुंठ्याला साडेपाच टँकर, एका दिवसात. आणि आपल्याकडे डोंगराचा उतार गुंठ्यांत नाही, एकरांत मोजतात.

हे पाणी सगळं ओढ्याला जात नाही. आपल्याकडे वर पातळ माती, तिच्याखाली मुरूम, आणि खाली काळा कातळ. पाणी मुरत मुरत कातळापर्यंत जातं आणि तिथं अडतं. मग माती फुगते, वजन वाढतं आणि कातळावरची पकड सुटायला लागते. हे आपल्या म्हाताऱ्यांना माहीत होतं. ज्या उतारावर पावसाळ्यात नवीन झरा फुटतो, जिथलं स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ येतं, जिथं झाडं तिरकी होतात, तिथं घर बांधत नव्हते. पण किती दिवसांच्या पावसानंतर, किती जाडीच्या मातीवर, किती उतारावर धोका सुरू होतो, हे म्हाताऱ्यांनी मोजलेलं नाही. ते संशोधक मोजतात आणि त्यांचं ते काम मोलाचं आहे. मी संशोधकांच्या विरोधात लिहीत नाहीये, हे आधीच सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये भांडण ठरलेलं.

माझी तक्रार पुढची आहे. मोजलेलं ते जातं कुठं?

मी सह्याद्रीतल्या दरडींवरचा एक पेपर शोधत होतो. सापडला. एका मोठ्या परदेशी प्रकाशकाच्या जर्नलमध्ये. दहा ओळींचा सारांश दिसला आणि पुढं कुलूप. एक पेपर वाचायचे तीन हजारांच्या वर रुपये. म्हणजे इंद्रायणीचं एक पोतं. लिहिणारा माणूस इथला, त्याचा पगार सरकारी तिजोरीतून, मातीचे नमुने आपल्या डोंगरातले. नमुने घ्यायला आले तेव्हा वाट दाखवायला गावातलाच कुणीतरी पुढं चालला असणार. आणि वाचायचं म्हटलं की एक पोतं तांदूळ.

सरकारनं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आणलंय, १ जानेवारी २०२५ पासून. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी, तीस प्रकाशक, तेरा हजारांच्या आसपास जर्नलं. चांगली गोष्ट आहे. माझा पुतण्या सरकारी कॉलेजात इंजिनिअरिंगला आहे, तो लॉगिन करून आता हे वाचू शकतो. त्याचा बाप, जो डोंगराखाली राहतो, तो नाही वाचू शकत. योजनेच्या नावात अख्खं राष्ट्र आहे, पण दार सरकारी कॉलेजं आणि संस्थांपुरतं उघडलंय. एवढे पैसे मोजताना निदान आपत्तीवरचं संशोधन तरी सगळ्यांना खुलं करा, अशी अट प्रकाशकांना घालायला हवी होती. कॅन्सरच्या औषधावरचा पेपर मला कळणार नाही, मान्य. पण माझ्या घरामागच्या उतारावरचा कळेल.

आता माळीणचं सांगतो. ३० जुलै २०१४, आंबेगाव तालुका. सकाळची एसटी गेली तर ड्रायव्हरला गावच दिसेना, ही गोष्ट तुम्हाला माहीत आहे. १५१ माणसं गेली. त्यानंतर काय झालं ते बघा. कुणी नुसत्या पावसाला दोष दिला, कुणी डिंभे धरणाला, आणि पेपरांत, टीव्हीवर पडकईचं नाव आलं. पडकई म्हणजे उतारावर दगडी ताली रचून, माती अडवून खाचर काढायची आदिवासी शेतकऱ्यांची रीत. सगळ्यांनी मिळून करायचं काम. पुढं ती सरकारी योजना झाली, तिच्यात मशीन आलं, आणि मशीननं केलेल्या सपाटीकरणानं डोंगर सैल झाला असं बोललं गेलं. हातानं रचलेली ताल आणि पोकलेननं कापलेला उतार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे खाचर काढलेला कुणीही सांगेल. पण बातमीत दोन्हीला एकच शब्द वापरला गेला.

म्हणजे ज्यांची माणसं गाडली गेली त्यांच्यावरच ठपका. तो बरोबर की चूक हे मी इथं बसून ठरवणार नाही. पण ज्याच्यावर ठपका आहे त्याला तो कशाच्या आधारावर ठेवला हे वाचता आलं पाहिजे, की नाही?

माळीणवरचा एक पेपर खुला आहे, कुणालाही फुकट वाचता येतो. 'फोरेन्सिक अ‍ॅनालिसिस ऑफ माळीण लँडस्लाइड इन इंडिया', २०१५ सालचा, एका परिषदेच्या खुल्या खंडात छापलेला. मी पुतण्याला शेजारी बसवून वाचला. मातीची तपासणी आहे, उतार किती पाण्याला किती टिकेल याचं गणित आहे, पाणी मुरल्यावर मातीची ताकद कशी घटते ते आहे. दोन संध्याकाळी गेल्या, पण जे कळलं ते दहा बातम्यांतून कळलं नव्हतं. तेव्हा 'शेतकऱ्याला काय समजणार' हे कुणी मला सांगू नये. आपण माती परीक्षणाचा रिपोर्ट वाचतो, कीटकनाशकाच्या डब्यावरची मुंगीएवढी अक्षरं वाचतो, सातबारा आणि फेरफार तर वकिलापेक्षा नीट वाचतो.

युरोपात एक जर्नल आहे, नाव 'नॅचरल हॅझर्ड्स अँड अर्थ सिस्टिम सायन्सेस'. २००१ पासून चालू आहे, युरोपियन जिओसायन्सेस युनियनचं. पूर, दरड, भूकंप, दुष्काळ हाच विषय. पहिली गोष्ट, सगळं मोफत. दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. पेपर आला की पक्का छापायच्या आधी तो चर्चेला उघडा ठेवतात. तपासणाऱ्या तज्ज्ञांनी काय आक्षेप घेतले, लेखकानं काय उत्तर दिलं, सगळं जाहीर. बाहेरच्या वाचकालाही नाव नोंदवून आपलं म्हणणं मांडता येतं. आपल्या ग्रामसभेसारखंच म्हणा, फक्त इथं इतिवृत्त खरंच लिहितात!

समजा माळीणवरचा प्रत्येक अहवाल असा मांडला असता. आंबेगावच्या एखाद्या शेतकऱ्यानं, शिक्षकानं लिहिलं असतं की साहेब, तुम्ही ज्याला पडकई म्हणताय ती पडकई नाही, ती अमुक वर्षी मशीननं केलेली सपाटी आहे. लेखकाला उत्तर द्यावं लागलं असतं. शास्त्र त्यानं कच्चं झालं नसतं, पक्कंच झालं असतं.

फुकट असून न पोहोचणाऱ्या गोष्टीही आहेत. जिऑलॉजिकल सर्व्हेचं 'भूकोश' नावाचं संकेतस्थळ आहे, तिथं दरडप्रवण भागाचे नकाशे मिळतात. इस्रोच्या हैदराबादच्या केंद्रानं २०२३ साली दरडींचा अ‍ॅटलास काढला. हवामान खात्याचं 'मौसम' नावाचं जर्नल १९५० पासून निघतं, जुने अंकसुद्धा मोफत वाचता येतात. सगळं इंग्रजीत. आणि देशभरासाठी जे नकाशे केलेत त्यांचं माप एकास पन्नास हजार, म्हणजे कागदावर एक सेंटिमीटर तर जमिनीवर अर्धा किलोमीटर. दोनशे मीटरची वाडी त्यावर चार मिलिमीटर. वाडीच्या वरच्या अंगाला धोका आणि खालच्या अंगाला नाही, हे त्या नकाशावरून कळत नाही. ते त्यासाठी केलेलेच नाहीत. पण हे सांगणारं वाक्य मराठीत कुठंच नाही, आणि मग तलाठ्यापासून पुढाऱ्यापर्यंत सगळे तो रंग बघून निकाल देतात. हिरवा आहे ना, मग काही नाही!

इर्शाळवाडीचं काय झालं? १९ जुलै २०२३ ची रात्र. २७ मृतदेह मिळाले, ५७ बेपत्ता माणसं मृत धरली, एकूण ८४. आणि सरकारनंच सांगितलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. आपल्या जिल्ह्यातही माळीणनंतर सर्वेक्षण होऊन २३ गावांची यादी झाली. यादीत नाव आलं की नोटीस येते, पावसाळ्यात स्थलांतर करा म्हणून. नाव नसलं की आपण निवांत. यादी कशी केली, कोणते उतार चालून बघितले, कोणते नुसते उपग्रहावरून बघितले, हे गावाला माहीत असतं तर नाव नसलेली वाडीसुद्धा ५५६ मिलिमीटरच्या रात्री जागी राहिली असती.

लपवायची सवय जुनी आहे. माधव गाडगीळांच्या समितीनं पश्चिम घाटाचा अहवाल ३१ ऑगस्ट २०११ ला केंद्राला दिला. आपल्याच डोंगरांचा अहवाल. तो बाहेर यायला माहिती अधिकाराचा अर्ज, माहिती आयोगाचा आदेश, दिल्ली हायकोर्ट असं सगळं करावं लागलं आणि मे २०१२ उजाडला. मधल्या काळात ज्यांना विरोध करायचा होता त्यांनी न वाचताच केला, कारण वाचायला नव्हताच.

एक आक्षेप माझ्या मित्रानंच घेतला. तो जमिनीचे व्यवहार करतो. म्हणाला, हे नकाशे आणि पेपर सगळ्यांच्या मोबाईलवर आले तर गुंठा कोण घेणार? मुठा खोऱ्यात, कोळवण खोऱ्यात चाललंय काय ते आपण बघतोच. टेकडीला पोकलेन लावायचा, टप्पे पाडायचे, फार्महाऊसचे बोर्ड लावायचे. मी त्याला म्हटलं, तू म्हणतोस तेच माझं कारण आहे. घेणाऱ्याला कळू दे. आणि वरच्या अंगाला टप्पे पाडले तर खालच्या वाडीवर काय येईल हे वाडीलाही कळू दे, म्हणजे हरकत घेताना हातात काहीतरी असेल. भाव पडतील म्हणून दरडीची माहिती दाबायची असेल तर मग आजारी म्हैस औषध पाजून बाजारात नेणाऱ्यात आणि आपल्यात काय फरक राहिला? तो हसला, पण पटलंय असं वाटलं नाही.

अजून एक गोष्ट थोडक्यात. खुलं म्हणजे फुकट नसतं, खर्च कुणीतरी करतंच. मोठ्या प्रकाशकांकडे पेपर सगळ्यांसाठी उघडा ठेवायचा तर लिहिणाऱ्याकडून पैसे घेतात, काही ठिकाणी दोन-तीन लाखांपर्यंत. तालुक्याच्या कॉलेजातला प्राध्यापक कुठून आणणार? तो मग कुलपातच छापतो. म्हणून मला वाटतं, आपत्तीवरचं जे काम सरकारी पैशातून होतं ते सरकारनंच स्वतःच्या खर्चानं उघडं छापावं, आणि प्रत्येक पेपरसोबत दोन पानं मराठीत द्यावीत. कोणता डोंगर, काय बघितलं, काय सापडलं, काय सांगता येत नाही. लेखकानंच लिहावीत, म्हणजे अर्थ बदलणार नाही. ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागतील एवढीच.

तोवर आपलं आपण. माळीणचा तो पेपर ज्या परवान्याखाली आहे त्यात लेखकांचं नाव देऊन भाषांतर करायला मुभा आहे, कुणाला विचारावं लागत नाही. पुतण्या आणि मी करायला घेतलंय, थोडं थोडं करून इथंच टाकू. एका शब्दावर अडलोय. 'पोअर प्रेशर' म्हणजे मातीच्या कणांमधल्या पोकळीत पाणी भरून जो दाब येतो तो. एवढं लांब प्रत्येक वेळी लिहिणं जमत नाही. आमच्याकडे पाण्यानं जमीन आतून भरून वर पाझरायला लागली की 'जमीन उपळली' म्हणतात. 'उपळीचा दाब' असं लिहिलं तर तुमच्या खोऱ्यात कळेल का? तुमच्याकडे दुसरा शब्द असेल तर तो सांगा, आणि कोणत्या गावचा तेही लिहा.