शिळी बातमी आणि ताजें ताट

गेल्या वैशाखांत रावेरहून आमच्या मेहुण्यांचा फोन आला. "भावोजी, तुमच्या वाचनालयाच्या पानावर आज वादळाचा इशारा आहे, म्हणून केळीची कापणी थांबविली, मजूर परत पाठविले. येथें तर पानही हालत नाहीं!" धुळ्याच्या त्या वाचनालयाचें संकेतस्थळ माझ्या नातवानें सिद्ध केलेलें. चौकशी करितां कळलें कीं, इशारा कालचा होता!

हें कसें झालें तें समजून घेण्यासारखें आहे. एका स्थळावरील नव्या बातम्या दुसऱ्या स्थळास आपोआप घेतां याव्या म्हणून त्या ठराविक सांच्यांत मांडतात : मथळा, दुवा, सारांश, वेळ. यास फीड म्हणतात. त्याचा 'आरएसएस' हा सांचा १९९९ सालीं निघाला. राष्ट्रीय आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'सचेत' या स्थळावरून हवामानखात्याचे इशारे अशाच फीडानें मिळतात.

फीड आणणारी आज्ञावली वाचकाच्या यंत्रांत चालत नाहीं. ती सर्व्हरवर, म्हणजे स्थळाच्या स्वयंपाकघरांत चालते. पाहुण्यास वाढलेलें ताट दिसतें, चूल दिसत नाहीं. प्रत्येक पाहुण्यासाठीं मूळ स्थळाकडे धांवावें लागूं नये म्हणून आणलेली प्रत अर्धा तास ठेवावी, हेंही योग्यच. परंतु त्या दिवशीं संपर्क तुटला, आणि नातवाची 'पीएचपी'तील आज्ञावली जुनीच प्रत निमूटपणें वाढीत राहिली.

आतां त्यानें तीन गोष्टी केल्या आहेत. इशारा केव्हां संपतो ती वेळ मूळ मजकुरांतच असते. ती उलटतांच तो पानावरून उतरतो. संपर्क न झाल्यास 'अमुक वेळेपासून नवी माहिती आलेली नाहीं' असें पान स्वतःच सांगतें. आणि बाहेरचा मजकूर निवडल्याशिवाय पानांत मिसळत नाहीं, कारण धान्यांतील खड्याप्रमाणें त्यांत परकी आज्ञा दडलेली असूं शकते.

मेहुण्यांचा एक दिवस बुडाला, तो मोजतां येतो. पण दोनदां खोटें ठरलेलें पान तिसऱ्यांदा खरें वादळ सांगेल, तेव्हां त्याकडे कोण पाहील? शिळें अन्न शिळें म्हणून वाढलें तर पाहुणा विचार तरी करितो. न सांगतां वाढणें ही फसवणूकच होय.

नातवानें मामाआजोबांस स्वतः फोन करून आपली चूक सांगितली. मीं न सुचवितां सांगितली, याचें मला अधिक समाधान वाटलें.