उत्तरार्धाची वाट

३१ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘बाहुबली’ पुन्हा एकदा चित्रपटगृहांत आला. २०१५ आणि २०१७ साली आलेल्या दोन भागांची काटछाट करून त्यांचा पावणेचार तासांचा एकच पट तयार करण्यात आला आणि ‘बाहुबली : दि एपिक’ या नावाने तो लोकांपुढे ठेवण्यात आला. कथेत नवे असे काही नव्हते. नायक कोण, खलनायक कोण, कोण कोणाच्या पाठीत तलवार खुपसतो आणि का खुपसतो, हे तिकीट काढणाऱ्या बहुतेकांना ठाऊक होते. दोन्ही भाग घरबसल्या पाहण्याची सोयही होती. तरीही लोक गेले. ज्या प्रश्नाने या देशातील आबालवृद्धांना जवळजवळ दोन वर्षे झुलवत ठेवले, त्या प्रश्नाचे उत्तर मनात घेऊनच ते गेले. या गोष्टीचा विचार आमच्या चित्रव्यवसायाने गंभीरपणे केलेला दिसत नाही, म्हणून हा विषय आम्ही आज हाती घेतला आहे. राजकारणाच्या धबडग्यात एरव्ही या स्तंभात चित्रपटाला जागा मिळत नाही, आणि ती दिल्याबद्दल आमचे काही ज्येष्ठ वाचक आम्हांला दूषण देतील, याची जाणीव आम्हांला आहे.

१० जुलै २०१५ रोजी एस. एस. राजामौली यांच्या या चित्रपटाचा पहिला भाग प्रदर्शित झाला, तेव्हा तो अपूर्ण आहे हे पुष्कळांना माहीत नव्हते. माहिष्मतीच्या सिंहासनाचा एकनिष्ठ सेवक कट्टप्पा आपल्या धन्याच्या मृत्यूची हकीकत सांगतो आणि अखेरीस म्हणतो की तो घात आपणच केला. एवढे होऊन पडदा पडतो. (माहिष्मती हे नाव पुराणांतले, नर्मदाकाठचे अहिल्याबाईंचे महेश्वर ते हेच, असे मानणारे पुष्कळ आहेत. चित्रपटातील नगरीचा त्या नगरीशी नावापलीकडे संबंध नाही, पण आमच्या इंदूरकर वाचकांना ते नाव ऐकून बरे वाटले असेल.) त्या क्षणापासून ‘कट्टप्पाने बाहुबलीला का मारले?’ हा प्रश्न घरोघर विचारला जाऊ लागला. तो थट्टेत आला, जाहिरातींत आला, निवडणुकीच्या भाषणांत आला. ज्यांनी चित्रपट पाहिलाही नव्हता तेही तो विचारू लागले. दुसरा भाग २०१६ मध्ये येणार असे प्रथम सांगितले गेले होते. तो आला २८ एप्रिल २०१७ रोजी. साडेएकवीस महिने हा देश एका कल्पित खुनाचा तपास करीत होता.

ही नुसती रहस्यकथेची उत्सुकता असती, तर ती महिन्याभरात विरली असती. खून कोणी केला, हे रहस्यकथेत शोधावयाचे असते. येथे ते खुद्द मारेकऱ्यानेच सांगून टाकले होते. कोडे होते ते निष्ठेचे. ज्याच्या पूर्वजांनी सिंहासनाची गुलामी पिढ्यान् पिढ्यांसाठी पत्करली, ज्याला बाहुबली ‘मामा’ म्हणून हाक मारतो, ज्याने त्याला लहानाचा मोठा होताना पाहिले, तो माणूस हे करतो कसे? आमच्या लोकांना हा प्रश्न ओळखीचा वाटला, कारण तो त्यांच्या रक्तात मुरलेला आहे. कुरुसभेत द्रौपदीची विटंबना होत असता भीष्म का बसून राहिले, हा तो प्रश्न. शब्दाला जागणे मोठे की न्यायाला जागणे मोठे, यावर आमच्या ओसरीवर किती रात्री वाद झाले आहेत! कट्टप्पाच्या मिषाने तोच वाद बसमध्ये आणि कचेऱ्यांत पुन्हा सुरू झाला, आणि तो करणाऱ्या तरुणांना आपण काय करीत आहोत याची कल्पनाही नव्हती.

राजामौली आणि त्यांचे कथाकार पिते विजयेंद्रप्रसाद यांनी ही नाडी नेमकी ओळखली होती. आपल्यावर ‘अमर चित्र कथां’चा संस्कार असल्याचे राजामौलींनी अनेकदा सांगितले आहे. १९६७ साली ती मालिका सुरू करणारे अनंत पै हे कारकळचे, म्हणजे आमच्याच किनाऱ्याचे. त्याआधीपासून मद्रासेहून निघणारा ‘चांदोबा’ मराठी घरांत येत होता. तो काढणारे नागी रेड्डी आणि चक्रपाणी हेच पुढे ‘पाताळभैरवी’ (१९५१) व ‘मायाबाजार’ (१९५७) या तेलुगू चित्रपटांचे निर्माते झाले. आणि त्या चित्रपटांच्याही आधी तेलुगू मुलखात मायाबाजाराचा खेळ गावोगाव नेला तो सुरभी नाटक मंडळींनी. १८८५ मध्ये सुरू झालेल्या त्या मंडळींचे मूळ मराठी मुलखात सांगितले जाते. तेव्हा ‘बाहुबली’ पाहून आमच्या माणसाला जे आपलेपण वाटले, त्यात आश्चर्य करण्याजोगे काही नाही. वत्सलाहरणाचे आख्यान त्याने पेडण्याच्या किंवा सावंतवाडीच्या देवळापुढे पाहिलेले असते.

दशावतारी काल्याची गोष्ट येथे मुद्दाम सांगावीशी वाटते. जत्रेच्या रात्री जमणाऱ्या प्रेक्षकाला आख्यानाचा शेवट पाठ असतो. राक्षस मरणार, देवाचा जय होणार, पहाटे हंडी फुटणार आणि मग घरी जावयाचे, यात त्याला तिळमात्र शंका नसते. तरी तो थंडीत गोणपाट अंथरून जागा धरतो, डुलकी लागलेल्या शेजाऱ्याला राक्षसाच्या प्रवेशाला जागे करतो आणि आज राजाचे सोंग घेणारा नट शब्दाला शब्द कसा भिडवतो, हे ऐकण्यासाठी कान टवकारून बसतो. लिखित संहिता नाही; तेच कथानक दर रात्री नव्याने घडवावे लागते. त्याची प्रतीक्षा असते ती काय होणार याची नव्हे, कसे होणार याची. कीर्तनकार पूर्वरंग संपवून बुक्का लावून घेतो, तेव्हाही श्रोते हलत नाहीत ते याच कारणाने.

२०१७ साली नेमके हेच सिद्ध झाले. कट्टप्पाने राजमाता शिवगामीच्या आज्ञेवरून बाहुबलीला मारले, आणि ती आज्ञा तिने कपटाला बळी पडून दिली, हे उत्तर पहिला खेळ सुटताक्षणीच बाहेर फुटले. ते काही अघटित नव्हते. चतुर प्रेक्षकांनी त्याचा अंदाज आधीच बांधला होता. रहस्यावरच सारी इमारत उभी असती, तर त्याच सायंकाळी ती कोसळावयास हवी होती. उलट गर्दी आठवडेच्या आठवडे टिकली आणि जगभरातील उत्पन्नात एक हजार कोटी रुपयांचा पल्ला गाठणारा हा पहिला भारतीय चित्रपट ठरला. २०२१ साली, म्हणजे उत्तर जगजाहीर होऊन चार वर्षे झाल्यावर, एका वाहिनीला तो मराठीत आणण्याची खटपट करावीशी वाटली. लोकांना तो आज्ञा ऐकतानाचा कट्टप्पाचा चेहरा पाहावयाचा होता.

तो चेहरा ज्या नटाचा, त्या सत्यराज यांच्यावर प्रदर्शनाच्या तोंडावर जो प्रसंग ओढवला तो मात्र विसरण्यासारखा नाही. कावेरीच्या पाण्यावरून नऊ वर्षांपूर्वी त्यांनी केलेले एक भाषण उकरून काढून काही कन्नड संघटनांनी कर्नाटकात चित्रपट लागू देणार नाही असे जाहीर केले आणि २८ एप्रिल रोजीच बेंगळूर बंदची हाक दिली. सत्यराज हे या चित्रपटातील अनेक कलाकारांपैकी एक आहेत, त्यांच्या मतांसाठी शेकडो जणांच्या श्रमांना शिक्षा करू नका, अशी विनवणी खुद्द दिग्दर्शकाला करावी लागली. अखेर सत्यराज यांनी खेद व्यक्त केला. मात्र तामिळ जनतेच्या प्रश्नांवर बोलणे आपण सोडणार नाही, हेही त्यांनी त्याच वेळी बजावले. बंद मागे घेण्यात आला. त्या भाषणाचे आम्ही समर्थन करीत नाही. परंतु नऊ वर्षे ज्या शब्दांचा कोणाला राग आला नव्हता, त्यांचा राग नेमका लाखो लोक वाट पाहत असताना यावा, यातच त्या रागाची किंमत कळते. वाट पाहणारा प्रेक्षक ओलीस धरण्यास सोपा असतो. भाषेच्या नावाने काय काय अडवता येते, हे सीमाभागातील आमच्या वाचकांना आम्ही सांगावयास नको. आणि हे केवळ कन्नडिगांचे दूषण आहे असेही कोणी समजू नये. २०१६ साली मुंबईत, पाकिस्तानी नट घेतल्याबद्दल चित्रपट-निर्मात्यांनी सैनिकांच्या निधीस पाच कोटी रुपये द्यावेत, अशी अट आमच्याच मराठी पुढाऱ्यांनी घातली होती. देणगी ही स्वेच्छेने द्यावयाची असते, कोणाची मान धरून घ्यावयाची नसते, असे त्या वेळी संरक्षणमंत्री असलेल्या मनोहर पर्रीकरांनी सुनावले, याचे आम्हां गोमंतकीयांना समाधान आहे.

प्रेक्षकाला ओलीस धरण्याचा दुसरा मार्ग आता व्यवसायानेच शोधला आहे. ‘बाहुबली’चे यश पाहून निर्मात्यांनी जो बोध घेतला तो असा की, कथा मध्येच तोडावी म्हणजे तिकिटे दुप्पट खपतात. राजामौलींची कथा दोन भागांत गेली, कारण ती एका भागात मावत नव्हती. पुढच्यांनी मावणारी कथाही तोडली. २०२३ मध्ये ‘सालार’, २०२४ मध्ये ‘कल्की २८९८ एडी’ आणि ‘देवरा’, असे एकामागून एक पूर्वार्ध आले आणि प्रत्येकाने प्रेक्षकाला चौकात उभे करून निरोप घेतला. ‘ब्रह्मास्त्र’चा पहिला भाग सप्टेंबर २०२२ मध्ये आला, उरलेले दोन भाग डिसेंबर २०२६ आणि डिसेंबर २०२७ मध्ये येतील असे २०२३ साली जाहीर झाले, आणि मधल्या काळात त्याच दिग्दर्शकांचा हेरगिरी-हाणामारीचा एक वेगळाच चित्रपट २०२५ च्या ऑगस्टमध्ये येऊन गेला. पुराणिकबुवाही पोथी आणीबाणीच्या जागी मिटतात, पण दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला ते देवळात हजर असतात.

इथवर जे लिहिले त्यात पैशाचा आणि वेळेचाच प्रश्न होता. ४ डिसेंबर २०२४ च्या रात्री हैदराबादेत जे घडले, त्यात जीव गेला. ‘पुष्पा’चा दुसरा भाग ही काही अद्भुतकथा नव्हे, पण तीन वर्षे वाट पाहावयास लावलेला उत्तरार्ध तो होताच. आदल्या रात्री संध्या चित्रपटगृहात खास खेळ ठेवण्यात आला आणि नायक स्वतः तेथे आला. त्याला पाहण्यासाठी लोटलेल्या गर्दीत कुटुंबासह चित्रपट पाहावयास आलेली पस्तीस वर्षांची एक स्त्री चेंगरून मरण पावली आणि तिचा शाळकरी मुलगा कित्येक महिने रुग्णालयात पडून राहिला. नटाला अटक झाली, जामीन झाला. कोणी कोणास कळवले होते आणि परवानगी कोणी नाकारली होती, यावर वाद रंगले. त्या कुटुंबाने तिकिटे काढली होती. चित्रपट पाहून घरी परत जाण्याचा हक्क त्यांना त्या तिकिटांनीच मिळाला होता.

पहिल्याच रात्री, पहिल्याच तासाला पाहिले पाहिजे, नाहीतर आपण मागे पडलो, ही धास्ती मुद्दाम निर्माण केली जाते. सरकारी परवानगीने वाढवलेले दर, मध्यरात्रीचे खेळ, नटाच्या उंच प्रतिमेला दुधाचा अभिषेक आणि जाहिरातींचा भडिमार, हे सारे त्या धास्तीच्या सेवेत राबते. रहस्य फुटण्यापूर्वी पाहा, असे प्रेक्षकाला सांगितले जाते. परंतु रहस्य फुटून आठ वर्षे झाल्यावर त्याच प्रेक्षकाने २०२५ मध्ये पुन्हा तिकीट काढून या युक्तिवादाला परस्पर उत्तर दिले आहे. शुक्रवारऐवजी मंगळवारी पाहिला म्हणून कट्टप्पाची तलवार बोथट होत नाही.

‘रामायणा’वरील दोन भागांचा मोठा हिंदी चित्रपट २०२६ आणि २०२७ च्या दिवाळीत आणण्याची घोषणा नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. या कथेत तर झाकून ठेवण्याजोगे काहीच नाही; सेतू बांधला जाणार की नाही, हे विचारणारे मूल आमच्या घरांत सापडणार नाही. तेव्हा घाई करण्याचे कारण निर्मात्यांनाही नाही आणि प्रेक्षकांनाही नाही. अशा चित्रपटांच्या पहिल्या आठवड्यात आदल्या रात्रीच्या खेळांना परवानगी देऊ नये. नटनटी चित्रपटगृहात येणार असतील तर त्याची लेखी सूचना पोलिसांकडे आधी पोहोचलेली असावी, आणि ती नसेल तर खेळच थांबवण्याचा अधिकार जागेवरील अधिकाऱ्याला असावा. बाहेर पडण्याची सर्व दारे खेळ चालू असेतोवर उघडी असावीत. गोव्यातील चित्रपटगृहे लहान आहेत, गर्दीही हैदराबादच्या मानाने थोडी. म्हणूनच हे नियम घालून पाहावयास आमच्या सरकारला फारसे कष्ट पडू नयेत. चित्रपटगृहांच्या चालकांना ते जाचक वाटत असल्यास त्यांनी आपली बाजू मांडावी. या स्तंभात तिला जागा मिळेल.