रात्री पाय दुखतो? मग नीट विचारा

इंदापूरच्या एका भगिनीनं लिहिलंय, "माझ्या अकरा वर्षांच्या मुलाची नडगी रात्री फार दुखते. सासूबाई म्हणतात, वाढीचं अंग आहे, तेल चोळ. शेजारच्या वहिनी म्हणतात, एक्स-रे काढ. कुणाचं ऐकू?"

यावेळी वहिनींचं ऐका. वाढीचं दुखणं बहुधा दोन्ही पायांत असतं, संध्याकाळी किंवा रात्री येतं आणि सकाळी मूल उड्या मारत शाळेत जातं. पण एकच पाय, रोज तीच जागा, दुखण्यानं झोपमोड, लंगडणं, सूज किंवा हाताला लागणारी गाठ, यांतलं काही असेल तर तेलाची वाटी बाजूला ठेवा. चोळू नका, हाडवैद्याकडे नेऊन पाय ओढून घेऊ नका.

अशा दुखण्यामागे कधी कधी हाडातली एक बारीक गाठ असते. तिला ऑस्टिऑइड ऑस्टिओमा म्हणतात. ती बहुधा दीड-दोन सेंटिमीटरच्या आतच असते आणि हा कॅन्सर नव्हे. पाच ते पंचवीस या वयात ती जास्त आढळते. वेदनाशामक गोळीनं ठणका चटकन थांबतो, ही तिची खूण. म्हणून मुलाला अ‍ॅस्पिरिन देऊन घरी परीक्षा मात्र घेऊ नका. साध्या एक्स-रेत ती निसटू शकते, सी.टी. स्कॅनमध्ये नीट दिसते.

पूर्वी यासाठी हाड कोरावं लागे. १९९२ साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी निराळी रीत प्रसिद्ध केली. भूल देऊन, स्कॅनवर पाहत पाहत, सुई गाठीत नेतात आणि तिचं टोक सुमारे ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून काही मिनिटं ठेवतात. गाठ जागच्या जागी जळते. बहुतेक मुलं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतात. क्वचित गाठ पुन्हा उद्भवते, मग तोच उपाय परत करता येतो.

घरातल्या मोठ्या माणसाचा कॅन्सर हाडात उतरला असेल, तर अशाच सुईनं उष्णता किंवा गारठा देऊन, किंवा खचलेल्या मणक्यात हाडाचं सिमेंट भरून, वेदना कमी करता येतात. त्यानं कॅन्सर बरा होत नाही, पण माणसाला झोप लागते, हेही थोडं नाही. मुलांच्या हाडाच्या कॅन्सरला मात्र औषधं आणि शस्त्रक्रियाच लागते, सुई पुरत नाही.

"सुई टोचली की गाठ पसरते" या भीतीनं तपासणी टाळू नका. एवढंच पाहा, की कॅन्सरची शंका असेल तर तुकडा काढण्याची तपासणी जिथे पुढे शस्त्रक्रिया होणार तिथेच व्हावी. सुईची वाट सर्जनला ठाऊक असावी लागते.

पहिला एक्स-रे इंदापुरात किंवा बारामतीत होईल. पुढं गरज पडली तर पुणं, नाहीतर मुंबईला परळचं १९४१ पासूनचं टाटा रुग्णालय. जाताना सगळे रिपोर्ट, रेशनकार्ड आणि आधारकार्ड घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

आणि डॉक्टरांना मोघम "पाय दुखतो" म्हणू नका. कुठला पाय, कुठली जागा, किती वाजता, कशानं थांबतं, ते कागदावर लिहून न्या. आईच्या त्या चार ओळींनी तपासाला दिशा मिळते.