वही संगणकात गेली, नक्कल कुठे आहे?

सोलापूरच्या बाजारात लाल कापडाच्या चोपड्या आता कमी दिसतात. विजापूर वेशीतला दुकानदार असो की अक्कलकोट रोड एमआयडीसीतला यंत्रमागधारक, दोघांचेही येणे-देणे संगणकात गेले आहे. जेकार्डची नक्षीसुद्धा आता आधी पडद्यावर रेखली जाते. पूर्वी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांपैकी एखादा फाटला, तर तेवढाच नवा करता येत असे. संगणकाची डिस्क बिघडली, तर नक्षी, उधारी आणि घरच्या लग्नकार्याचे फोटो सगळे एकदम जाते.

कायदाही सवलत देत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणजे २०२४-२५ चा हिशेब २०३१ च्या डिसेंबरअखेरपर्यंत हाताशी हवा. "आमच्या सल्लागाराकडे सर्व आहे," असे पुष्कळ बांधव म्हणतात. त्याच्याकडे विवरणपत्रे असतात. गिऱ्हाइकाची उधारी आणि कारागिराची उचल नसते.

१८ मे २०२५ रोजी याच एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जणांचा जीव गेला. माणसांपुढे कागदाची किंमत ती काय! पण अशा कोणत्याही प्रसंगी मागे राहिलेल्यांना विमा, कामगारांची देणी आणि लोकांची अमानत हिशेबावरूनच ठरवावी लागते. म्हणून नक्कल ठेवणे हा शौक नव्हे, जबाबदारी आहे असे आम्ही मानतो.

त्यासाठी बाजारात नॅस नावाची पेटी मिळते. तिच्यात एक किंवा दोन हार्डडिस्क बसतात. पेटी घरच्या राउटरला तारेने जोडली की घरातले सर्व संगणक आणि मोबाइल आपली नक्कल तिच्यात ठेवू शकतात. ज्याच्याकडे एकच संगणक आणि थोडा हिशेब आहे, त्याने ही पेटी घेऊच नये. आलटूनपालटून वापरायच्या दोन यूएसबी डिस्क त्याला पुरेत. जिथे दुकानाचा, मुलांचा आणि नक्षीकामाचा असे तीन-चार संगणक आहेत, तिथे दोन डिस्कची साधी पेटी परवडते.

घेताना आधी आपला साठा मोजावा आणि त्याच्या दुप्पट जागा घ्यावी. चार टेराबाइटच्या दोन डिस्क एकमेकींची प्रत म्हणून लावल्या, तर वापरायला चारच मिळतात, आठ नव्हे. चित्रपट दाखवणारी, कॅमेरे सांभाळणारी महाग पेटी आपल्या कामाची नाही. डिस्क मात्र नॅससाठी बनवलेलीच घ्यावी. तिच्यावर बहुधा तीन वर्षांची हमी असते. वीस वॅटची पेटी दिवसरात्र चालली तर महिन्याला चौदा-पंधरा युनिट वीज लागते, तेही खर्चात धरावे. अचानक वीज गेल्यास फायली बिघडतात, म्हणून लहान यूपीएस हवाच. सुताची धूळ आणि उन्हाळ्याची तलखी डिस्कला सोसत नाही. पेटी मागाच्या शेडमध्ये ठेवू नये.

सर्वांत मोठा गैरसमज असा की दोन डिस्क म्हणजे दोन नकला. एका डिस्कवरची फाइल चुकून पुसली तर दुसरीवरचीही त्याच क्षणी पुसली जाते. आग आणि चोरी तर दोन्ही डिस्क एकदमच नेते.

इंटरनेटचा धोका वेगळाच. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या जुन्या पेट्यांतला साठा बाहेरच्या लोकांनी दुरून पुसून टाकला. त्या पेट्यांची देखभाल कंपनीने २०१५ मध्येच बंद केली होती. जानेवारी २०२२ मध्ये क्यूनॅप कंपनीच्या, इंटरनेटवर उघड्या असलेल्या पेट्यांतल्या फायलींना डेडबोल्टवाल्यांनी कुलूप घातले आणि खंडणी मागितली. तेव्हा जुनी पेटी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये. कंपनी सुधारणा किती वर्षे देणार हे विचारावे आणि बाहेरून पेटी उघडण्याची सोय बंदच ठेवावी.

आमचे मत स्पष्ट आहे. पैसे मोजकेच असतील तर पेटी एक पायरी हलकी घ्या, पण वाचलेल्या पैशात एक सुटी डिस्क जरूर घ्या. दर जुम्याला तिच्यावर नक्कल उतरवा, ती कुलूपबंद करा आणि दुसऱ्या मोहल्ल्यात, भावाच्या किंवा बहिणीच्या घरी ठेवा. दुकान विजापूर वेशीत आणि डिस्क नई जिंदगीत, एवढे अंतरही पुष्कळ झाले. महिन्यातून एकदा त्या डिस्कवरून एखादी फाइल परत उघडून पाहा. जी नक्कल कधी उघडून पाहिली नाही, तिच्यावर भरवसा ठेवू नका.

धंद्यात पत कमवायला उमर जाते. तिचा पुरावा एकाच डिस्कच्या हवाली करू नये, एवढेच आमचे व्यापारी आणि कारागीर बांधवांना सांगणे आहे.