घरचे मुके सोबती : गिनीपिगचीं पिलें आईपासून केव्हां वेगळीं करावीं?

सुटी लागली कीं मुलांच्या हट्टापायीं कित्येक घरांत गिनीपिगची जोडी येते. दुकानदार "दोन्ही माद्याच आहेत" म्हणून सांगतो, आणि दोन-अडीच महिन्यांनीं एके सकाळीं पिंजऱ्यांत तीन-चार पिलें दुडदुडतांना दिसतात. मग घरांत दोन पक्ष पडतात. मुलें म्हणतात, "पिलें कायमचीं आईजवळच राहूं द्या", वडील मंडळी म्हणतात, "आतांच कोणाला तरी देऊन टाका." आमच्या मतें हे दोन्ही पक्ष चुकतात, आणि त्या चुकीचें फळ मुक्या जिवांना भोगावें लागतें.

हा प्राणी गिनी देशाचा नव्हे आणि डुकराच्या जातीचाहि नव्हे. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या प्रदेशांत हजारों वर्षांपूर्वीं माणसाळविलेला, कुरतडून खाणारा हा तृणभक्षक प्राणी होय. उंदराचें पिलूं आंधळें व उघडें जन्मतें. याचें तसें नाहीं. मादी ५९ ते ७२ दिवस गर्भ वाहते. त्यामुळें पिलूं डोळे उघडे, अंगावर केंस व तोंडांत दांत अशा तयारीनेंच जगांत येतें. कांहीं तासांत तें धांवूं लागतें व एक-दोन दिवसांत गवतहि कुरतडूं लागतें. तें पाहून "याला आतां आईची गरज काय?" असा समज होणें साहजिक आहे, पण तो समज खोटा आहे.

पहिले तीन आठवडे पिलाला आईचें दूध मिळालेंच पाहिजे. आईला स्तन दोनच असतात; पिलें चार असलीं तर त्यांना आळीपाळीनें प्यावें लागतें, आणि दुबळें पिलूं मागें पडतें. काय खावें हें पिलें आईच्या शेजारीं बसूनच शिकतात. इतकेंच नव्हे, तर आईची लेंडी खाऊन पचनाला आवश्यक असे सूक्ष्म जंतूहि तीं आपल्या पोटांत घेतात. हें पाहून किळस मानूं नये. निसर्गाची ती सोय आहे. आठ-दहा दिवसांचें पिलूं हौसेनें भाच्याला भेट देणें म्हणजे त्याच्या जिवाशीं खेळणें होय.

आतां दुसरी बाजू. एकवीस दिवस भरले आणि पिलाचें वजन सुमारें १८० ग्रॅम झालें, कीं नर पिलें आईपासून व बहिणींपासून वेगळीं करावीं. येथें दिरंगाई चालत नाहीं. बहुतेक नर यानंतर कांहीं आठवड्यांनीं वयांत येतात हें खरें. पण एखादा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांतच येतो, आणि मादी तर चौथ्या आठवड्यापासून गाभण राहूं शकते. मुलगा आई ओळखीत नाहीं आणि भाऊ बहीण ओळखीत नाहीं. चार आठवड्यांची मादी गाभण राहिली, तर जन्मापासून शंभर दिवसांच्या आंत ती स्वतःच आई होते. तिची वाढ पुरी झालेली नसते; कित्येकदां पिलांसह तीहि दगावते.

मादी पिलांस मात्र आईपासून तोडण्याचें कारण नाहीं. आई व लेकी जन्मभर एकत्र सुखानें राहतात.

बापाची गोष्ट याहून निकडीची आहे. प्रसूतीनंतर कांहीं तासांतच मादी पुन्हां गाभण राहूं शकते. म्हणून पोट दिसूं लागतांच नराला निराळ्या पिंजऱ्यांत ठेवावें. नाहींतर एका हातानें दूध पाजावें व दुसऱ्या हातानें गर्भ पोसावा अशी त्या आईची अवस्था होते. आणखी एक गोष्ट : पहिली प्रसूति सात महिन्यांच्या आंत झालेली नसेल, तर मादीच्या कटिभागाचा सांधा पुरेसा सैल होत नाहीं व प्रसूति अडते. तेव्हां मोठ्या मादीजवळ "एकदां पिलें होऊं द्या" म्हणून नर सोडूं नये.

नर कोणता व मादी कोणती हें घरच्या घरीं ठरविणें अवघड असतें. दुसऱ्या आठवड्यांत पिलें जाणत्या पशुवैद्याला दाखवावीं, आणि एकविसावा दिवस भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत लिहून ठेवावा.

वेगळा केलेला नर एकटा ठेवूं नये. हा कळपांत राहणारा जीव आहे. स्वित्झर्लंडमध्यें तर २००८ सालापासून गिनीपिगला एकटें ठेवण्यास कायद्यानेंच मनाई आहे. भाऊ भावाशेजारीं किंवा बापाशेजारीं ठेवावा. मात्र जागा ऐसपैस असावी, आणि त्या पिंजऱ्यांत एकहि मादी नसावी. मादी आली कीं भाऊबंदकी सुरू होते.

आहाराविषयीं एक सूचना. माणसाप्रमाणेंच या प्राण्याच्या शरीरांतहि 'क' जीवनसत्त्व तयार होत नाहीं. नॉर्वेंतील होल्स्ट व फ्रोलिख या शास्त्रज्ञांनीं १९०७ सालीं याच प्राण्यावर प्रयोग करून, अपुऱ्या आहारानें स्कर्व्ही जडतो हें दाखविलें. रोज १० ते ३० मिलिग्रॅम जीवनसत्त्व मिळावें. गाभण व पाजत्या मादीला अधिक लागतें. ढोबळी मिरची, कोथिंबीर, पेरूची लहान फोड हीं आपल्या स्वयंपाकघरांतच असतात. मुख्य अन्न मात्र वाळलेलें गवत. कांदा, लसूण व बटाटा कधींहि देऊं नये.

एकत्र कुटुंबांत सर्वांचें काम तें कोणाचेंच नसतें. आजी गवत घालतात, काका पाणी बदलतात, मुलें खेळवितात. पण एकविसावा दिवस मोजण्याचें कोणाच्याच ध्यानांत राहत नाहीं. म्हणून हें एक काम घरांतील एकाच मोठ्या माणसानें आपल्याकडे घ्यावें. पिलूं वेगळें होतांना मुलें रडतील. त्यांना रागावूं नये, कारण समजावून सांगावें. आठ-दहा वर्षांचें मूल तें समजूं शकतें, आणि प्राणी पाळणें म्हणजे केवळ कुरवाळणें नव्हे हेंहि त्याला त्याच दिवशीं उमगतें.